घोंगडीचा धडा

राजारामपुरीतून शहर बस पकडायची आणि कळंब्याला जेलच्या थांब्यावर उतरायचं, ही माझ्या नोकरीतली कितीतरी वर्षांची चाकोरी. थांबा आला की कंडक्टर ओरडायचा, "चला पावणं, जेलवाले उतरा!" आणि मी पायरीवर आले की हळूच विचारायचा, "बाई, सुटायला अजून किती वर्षं?" मी म्हणायची, "अठ्ठावन्न पुरी झाली की सोडतील." बसमधले लोक हसायचे, मीही हसायची आणि जेलच्या भिंतीला वळसा घालून तलावाच्या कडेकडेनं पलीकडच्या वाडीतल्या शाळेकडे चालू लागायची. यथावकाश सुटले. सुटकेच्या दिवशी नारळ, शाल आणि हेडगुरुजींचं लांबलचक भाषण मिळालं. त्यात ते म्हणाले, "बाईंचा निसर्गाचा पाठ म्हणजे बघण्यासारखा." मी मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, बाई विनयानं लाजताहेत.

तो पाठ होता 'प्राणी आणि बीजप्रसार'. झाडाला पाय नाहीत, मग त्याचं बी लांब कसं जातं? काही वाऱ्यानं जातं, काही पाण्यानं, आणि पुष्कळसं जनावरांच्या अंगाखांद्यावरून नाहीतर पोटातून. एवढंच सांगायचं. मोठ्या माणसाला हे एका वाक्यात सांगून मोकळं होता येतं. आठ-नऊ वर्षांच्या पोराला ते हातात द्यावं लागतं, नाहीतर ते मान डोलावतं आणि खिडकीबाहेर बघतं. वरून साहेब आले की पहिला प्रश्न, "बाई, साधन काय वापरलं?" पुस्तकात एक चित्र होतं, त्यात कुठल्यातरी केसाळ जनावराच्या अंगावर काटे चिकटलेले. ते जनावर कोणतं ते मलाही सांगता आलं नसतं. पोरं म्हणायची, "बाई, अस्वल हाय." कुणी म्हणायचं, "गाढाव हाय ओ."

शाळा दोन खोल्यांची, शिक्षक दोन. पहिली-दुसरी हेडगुरुजी बघायचे, तिसरी-चौथी एका खोलीत माझ्याकडे. तिसरीला पाढे घालायचे आणि तेवढ्यात चौथीला शिकवायचं. हे काम म्हणजे दोन चुलींवर दोन भाकरी टाकून दोन्ही न करपवता उतरवणं.

या पाठानं मला गमतीही पुष्कळ दिल्या. एका मुलानं बोर बीसकट गिळलं होतं. पोटातून बी जातं, हे ऐकल्यावर तो दोन दिवस शाळेत आला नाही. घरी पोट धरून बसला होता, बोरीचे काटे टोचतात म्हणून. एक आई तर तावातावानं शाळेत आली, "लेंड्या आन् शेण शिकवायला पोरं पाठवतोय व्हय आमी? ते घरी काय कमी हाय?" तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. जेलच्या भिंतीच्या फटीत एक उंबराचं रोप आलं होतं. पाखराच्या विष्ठेतून बी पडलं असेल, असं मी सांगितलं, तर एका पोरानं विचारलं, "बाई, त्या पाखरानं उंबर भायेर खाल्लं का आत?" मी म्हटलं, पाखराला आत-बाहेर नसतं. पोरं त्या भिंतीकडे बघत राहिली.

पण पाठ खरा जमला तो घोंगडीमुळे, आणि घोंगडी आली ती लगमव्वामुळे.

आमच्या भागात बकरी बसवायची रीत होती. मेंढरांनाही आमच्याकडे बकरीच म्हणतात. सुगी उरकली, रानं मोकळी झाली की धनगर कळप घेऊन यायचे. शेतकरी त्यांना आपल्या रानात रात्री मुक्काम करायला सांगायचा. बकरी रात्रभर रानात बसली की त्यांच्या लेंड्यामुताचं खत आपसूक पडायचं. धनगराला जोंधळे मिळायचे, रान पुढच्या पेरणीला तयार व्हायचं. आज या रानात, चार दिवसांनी त्या रानात, असं करत कळप उन्हाळा सरेपर्यंत वाडीच्या आसपास फिरायचा. पाऊस लागायच्या आत पूर्वेकडे कोरड्या मुलखात निघून जायचा.

सिद्राम धनगराचा कळप दर वर्षी आमच्या वाडीवर यायचा. लगमव्वा त्याची नात. बाप मेला होता, आई कळपामागं. म्हाताऱ्याला ती अज्जा म्हणायची आणि बघता बघता सगळा वर्गच त्याला अज्जा म्हणू लागला. दिवाळीनंतर कळप आला की ती दुसऱ्या दिवशी शाळेत हजर. पाऊस आला की गायब. हेडगुरुजी दर वर्षी कुरकुरायचे, "बाई, हिचं नाव कमी करा. अर्धं वर्ष गैरहजर." मी दर वर्षी म्हणायची, "करते," आणि करायची नाही. मुलगी अशी की, सहा महिने पाटी हातात न धरता यायची आणि महिनाभरात बाकीच्यांना गाठायची. तिची माझी गट्टी जमली, आणि तिची शालनची. शालन म्हणजे तातोबांची मुलगी. तातोबा वाडीतले मोठे बागायतदार, आणि सिद्रामची बकरी मुख्यतः त्यांच्याच रानात बसायची. दोघी बसकरपट्टीवर शेजारी शेजारी बसायच्या. शालन बुद्धीनं धारदार. कुठलाही प्रश्न टाकला की हात वर, आणि हात वर केला नाही तरी ओठ हलत असायचे.

एकदा मी वर्गात त्या चित्रातल्या जनावराशी झटत होते, तेव्हा लगमव्वा म्हणाली, "बाई, आमच्या बकऱ्याच्या अंगाला लई चिकटतंय की. आनू एक?" बकरं वर्गात आणणं परवडणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती अज्जाची जुनी काळी घोंगडी खांद्यावर टाकून आली. अज्जाचा निरोप होता, "लोकर बकऱ्याचीच हाय. फिरवा कुठंबी."

त्या दिवशी आम्ही सगळे तलावाच्या बांधाकडे गेलो. चार पोरांनी घोंगडीची टोकं धरून ती वाळलेल्या गवतातून फरफटत नेली. बाकीची पोरं मागून "हुर्र हुर्र" करत, जणू खरंच मेंढरू हाकताहेत. परत येऊन व्हरांड्यात घोंगडी पसरली, तर काळ्या लोकरीवर नुसती जत्रा. कुसळं, आघाड्याचं बी, गोखरू, आणि तो लांडगा म्हणतात तो आकडेवाला काटा. पोरं तास-दीड तास बोटं टोचून घेत बिया वेचत बसली. कापलेल्या तेलाच्या डब्यांत माती भरून आम्ही त्या पेरल्या. लगमव्वानं लेंड्या आणल्या, पाण्यात कुस्करल्या, त्यातून बाभळीचं बी निघालं, तेही एका डब्यात गेलं. त्या डब्याला पाणी घालायचं काम दोघी मैत्रिणींचं. कोंब आले तेव्हा वर्ग नाचला. माझ्या सगळ्या नोकरीत एवढा आनंद देणारं दुसरं काही मी शिकवलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. घोंगडी मग शाळेतच राहिली. अज्जा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या बाई. पोरीची आठवन."

लगमव्वा चौथीत आली तेव्हा मी एक बेत केला. शहरात मुलींचं एक बोर्डिंग होतं, पाचवीपासून पुढे राहणं-जेवण फुकट. मी तिथल्या बाईंना भेटून जागा सांगून ठेवली. अट एकच, मुलगी चौथी पास हवी. तिसरीपर्यंत मी तिला हजेरीकडे काणाडोळा करून वर चढवलं होतं. चौथीची परीक्षा मात्र केंद्रावर, परक्या शिक्षकांसमोर. तिथे माझं काही चालणार नव्हतं. उन्हाळ्यात परीक्षा होईपर्यंत तिनं शाळेत असायलाच हवं होतं. मी अज्जाशी बोलले. तो काठीनं माती उकरत म्हणाला, "बोर्डिंगात पोरगी एका जागी ऱ्हाईल म्हनतासा?"

"राहील."

"आमच्यात एका जागी कुनीच ऱ्हायलं न्हाय. ऱ्हाऊ दे एक तरी. परीक्षा हुईस्तोवर बकरी हितंच ठेवतो की."

लगमव्वा त्या वर्षी झपाटल्यासारखी अभ्यास करत होती. शालन तिला भागाकार समजावायची, ती शालनला पाखरांची घरटी दाखवायची. मला वाटत होतं, जमलं.

त्याच सुमाराला वाडीच्या रानात एक नवं गवत दिसायला लागलं होतं. पांढऱ्या बारीक फुलांचं, गाजराच्या पानांसारख्या पानांचं. दुष्काळात बाहेरून धान्य आलं त्याच्याबरोबर हे आलं, असं लोक म्हणत. त्याला कुणी काँग्रेस म्हणायचं, कुणी गाजर गवत. ते उपटताना हाताला खाज सुटायची, अंगावर पुरळ यायचं. पाइपलाइनी झाल्या होत्या, ऊस वाढत होता, रान सहसा मोकळं राहीना. पाण्याच्या चराच्या कडेनं ते गवत माजलं होतं. तातोबांच्या रानात तर फारच.

एक दिवस मधल्या सुट्टीत तातोबा शाळेत आले. हातात गुळाची ढेप. पालक शाळेत येतो तो भांडायला, हा माझा अनुभव, म्हणून मी सावरून बसले. तातोबा हात जोडून म्हणाले, "बाई, उपकार झालं बघा तुमचं."

"कसले उपकार?"

"आमची शालन काल जेवताना सांगायली, बकऱ्याच्या लोकरीला बी चिकटतंय, लेंडीतनं बी रानात पडतंय. घोंगडं वढून दावलं म्हनं तुमी. आमी चार माणसं डोकं धरून बसलोय, ह्ये गवत आलं कुठनं म्हनून. आन् पोरीनं एका घासाला सांगितलं. आता कळलं. औंदापास्नं बकरी बसवायची न्हाईत. गावातबी सांगून टाकलंय."

शालन दारात उभी होती. वडील आपलं कौतुक करताहेत हे तिला कळत होतं, आणि आणखीही काहीतरी कळायला लागलं होतं. तिचा चेहरा मला आजही दिसतो.

मी तातोबांना बसवलं आणि जेवढं येत होतं तेवढं सगळं सांगितलं. या गवताचं बी बारीक आणि हलकं असतं. वाऱ्यानं उडतं, चराच्या पाण्यातून वाहतं, बैलगाडीच्या चाकाच्या चिखलातून जातं. ते कडू असतं, बकरी त्याला तोंडसुद्धा लावत नाहीत. जिथे बकरी कधी बसली नाहीत त्या जेलच्या शेतातही ते आहे, जाऊन बघा. धडा खरा आहे, पण तो आघाड्या-बाभळीचा आहे, या गवताचा नाही.

तातोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. मग म्हणाले, "तसं असंल की बाई. तुमी शिकलेल्या. पर वाऱ्याला कसं सांगायचं, येऊ नको म्हनून? धनगराला सांगता येतंय."

खरं म्हणजे वाडीला कारण हवंच होतं. उसाच्या रानात बकरी बसवायला जागा उरली नव्हती, युरियाची पोती घरपोच येत होती, आणि पिढ्यान् पिढ्या येणाऱ्या माणसाला 'आता येऊ नको' म्हणायला तोंड होत नव्हतं. ते तोंड माझ्या धड्यानं दिलं. मी चुकीचं शिकवलं होतं का? नाही. आजही मी तोच पाठ तसाच घेईन. पण बरोबर शिकवलेली गोष्ट वर्गाच्या दाराबाहेर गेल्यावर कुणाच्या हाती काय म्हणून लागेल, यावर शिक्षकाचा काडीचा ताबा नसतो. याचा मला तेव्हा भयंकर राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही वर्ग घेऊन शाळेमागच्या गाजर गवतात गेले. घोंगडी त्यातून पुन्हा पुन्हा ओढली. वर काढून बघितली तर चार कण, झटकल्यावर तेही गळून पडले. पोरांना म्हटलं, घरी जाऊन सांगा, या गवताचं बी लोकरीला धरत नाही. पोरं हो हो म्हणाली. पहिला धडा एका जेवणात गावभर झाला होता, हा एकाही घरात पोचला नाही. शालननं मात्र सांगितलं होतं. घरी तिला उत्तर मिळालं, "गप बस, लई शिकलीस."

संध्याकाळी मी धनगरांच्या तळावर गेले. बकरी कोंडायची जाळी गुंडाळली जात होती, घोड्यावर सामान चढत होतं. लगमव्वा एक नवं कोकरू पोटाशी धरून उभी होती. मी अज्जाला म्हटलं, "परीक्षेपर्यंत पोरगी माझ्या घरी ठेवा. राजारामपुरीत दोन खोल्या आहेत, पण तिला कमी पडू देणार नाही." घरी मी नवऱ्याला विचारूनच आले होते. ते हो म्हणाले होते. सासूबाई काही म्हणाल्या नव्हत्या, म्हणजे त्यांचंही हो होतं.

अज्जा म्हणाला, "बाई, तुमच्यावर राग न्हाय. पर ज्या गावानं बकरी हाकलली, त्या गावच्या शाळेत माझी पोरगी बसनार? कोन काय बोललं तर ती कुनाकडं बघनार? आन् रोज नवी पिल्लं पडायली हाईत. तिची आय एकटी काय काय करंल?"

मी पुन्हा विनवलं. एक महिना, पंधरा दिवस, परीक्षेपुरतं तरी आणून सोडा. तो "बघू की" म्हणाला. म्हाताऱ्या माणसाचं 'बघू की' म्हणजे काय, ते मला कळत होतं. लगमव्वालाही कळत होतं. ती रडली नाही. तिनं मला एवढंच विचारलं, "बाई, परीक्षेत ह्यो प्रश्न आला तर काय लिवायचं? बकऱ्यामुळं बी पसरतंय, आसंच लिवायचं न्हवं?"

मी म्हटलं, "हो. तसंच लिहायचं."

"बरं," ती म्हणाली आणि कोकरू घेऊन घोड्याकडे गेली.

परीक्षेला ती आली नाही. मी केंद्राच्या फाटकाशी घंटा होईपर्यंत उभी होते. पुढच्या सुगीला कळप आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. बऱ्याच वर्षांनी गडहिंग्लजला एका लग्नाला गेले होते, तिथे बाजारात घोंगड्या विकणारा एक धनगर भेटला. सिद्रामच्या नात्यातला निघाला. म्हणाला, अज्जा गेला, लगमव्वाचं लग्न त्याच साली उरकलं, अथणीकडं दिलीय, दोन पोरं हाईत. "वाचते का काही?" मी विचारलं. त्याला प्रश्नच कळला नाही. मी एक घोंगडी घेतली आणि एसटीत बसून कोल्हापूरपर्यंत मांडीवर धरून आले.

वाडीत आता चहूकडे ऊस आहे. बकरी बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी गाजर गवत बांधांवर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, शाळेच्या पटांगणात, सगळीकडे कंबरेएवढं आहे. ते कुणी आणलं याची चर्चा आता कुणी करत नाही. डब्यातली बाभूळ आम्ही शाळेमागे लावली होती. तिसऱ्या खोलीचं बांधकाम निघालं तेव्हा ती तोडली.

मला राहून राहून आठवतो तो मात्र त्याच वर्षीचा एक दिवस. कळप गेल्यानंतर थोड्याच दिवसांनी शाळा-तपासणी झाली. विस्तार अधिकारी आले, ज्यांना जुनी माणसं अजून दिपोटी, म्हणजे डेप्युटी, म्हणायची. हेडगुरुजींनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, बाईंचा निसर्गाचा पाठ बघाच. खुंटीला घोंगडी, खिडकीत बाभळीच्या रोपाचा डबा. डब्यातली माती ओली होती. शालन अजून रोज पाणी घालत होती. पट्टीवर तिच्या शेजारच्या जागेवर तिनं कुणालाही बसू दिलं नव्हतं.

साहेबांनी विचारलं, "सांगा बघू, प्राण्यांमुळे बियांचा प्रसार कसा होतो?" सगळे हात वर झाले. एक हात खाली होता. साहेबांच्या अनुभवी डोळ्यांनी नेमका तोच हेरला.

"तू सांग, बाळ."

शालन उभी राहिली. ओठ हलत नव्हते.

"मला येत न्हाय," ती म्हणाली.

हेडगुरुजी घाईनं म्हणाले, "अगं, येतं की तुला! साहेब, ही वर्गात पहिली असते. आठव बघू, घोंगडी आठव."

"न्हाय येत मला," शालन पुन्हा म्हणाली, आधीपेक्षा मोठ्यांदा.

साहेबांनी पुढच्या मुलाकडे बोट केलं. तो ताडकन उठून खणखणीत आवाजात म्हणाला, "बकऱ्याच्या लोकरीला चिकटून आणि लेंड्यातनं!" साहेब म्हणाले, "शाब्बास!" आणि सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. शालन उभीच होती. तिला 'बस' म्हणायचं भान कुणालाच राहिलं नाही.